थोडं थोडं सगळं येणारी

मागच्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र अगदी लहान आहे. त्या लिहितात, "लग्नाआधी पेटी शिकत होते, प्रवेशिका झाली होती. वर्षभर सतारही हाताळली. आता भजनी मंडळात टाळ वाजवते, कुणी आलं नाही तर ढोलकीवर हात मारते. पण धड एकही वाद्य आलं नाही. परवा मुलीच्या शाळेतल्या बाईंनी विचारलं, संमेलनात मुलींची दोन गाणी बसवून द्याल का? मी चटकन नाही म्हटलं. म्हटलं, मला कुठं येतं नीट! घरी आले आणि मोरीत तोंड धुताना रडू आलं. माझं चुकलं का हो?"

पत्र हातात तसंच राहिलं आणि गॅसवरची फोडणी करपली. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "अगं, मोहरी जळली की काय?" त्यांना काय सांगणार! हे पत्र मला माझंच वाटत होतं.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. बी.ए. केलं मराठी घेऊन, पण शाळेत गेले की ज्या वर्गावर बाई नाहीत तो वर्ग माझा. कधी इतिहास, कधी चित्रकला, कधी शिवण. 'बाई, तुम्ही नक्की कशाच्या?' असं एका पोरीनं मला तोंडावर विचारलंय. तिचं काय चुकलं म्हणा! मलाच सांगता आलं नाही.

तर या पत्राला काय उत्तर द्यावं, या विचारात मी आठवडाभर होते. अशातच माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती इंग्लंडात लीड्सला असते. बोलता बोलता तिला ही हकिगत सांगितली, तर ती म्हणाली, "अगं, आमच्या इथून जवळच ऑटली म्हणून गाव आहे. तिथली एक बाई होती, तुझ्या त्या पत्रलेखिकेसारखीच." आणि तिनं मला रोझ सिम्प्सनची गोष्ट सांगितली. मग मी ती खोदून खोदून वाचली. आज तीच तुम्हांला सांगते. पत्राचं उत्तर शेवटी आहे, पण गोष्ट आधी वाचा.

रोझ सिम्प्सनचा जन्म १९४६ सालचा, यॉर्कशर परगण्यातल्या ऑटलीचा. यॉर्कला तेव्हा नवंच विद्यापीठ निघालं होतं, तिथं ती इंग्रजी साहित्य शिकत होती. नाद होता तो डोंगर चढण्याचा. दोर, बूट, पाठपिशवी घेऊन सुट्टी पडली की निघाली कडे चढायला. संगीतात नाव काढायचं असं तिच्या मनातही नव्हतं. १९६७ साल संपत आलं होतं. स्कॉटलंडमध्ये तिची गाठ पडली ती 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड' या मंडळींशी.

ही मंडळी कोण, ते आधी सांगायला हवं. रॉबिन विल्यमसन, माइक हेरन आणि क्लाइव्ह पामर या तिघांनी १९६६ साली या नावानं पहिली ध्वनिमुद्रिका काढली. अमेरिकेतून आलेला जो बॉइड नावाचा तरुण त्यांचा निर्माता. पहिली ध्वनिमुद्रिका झाली आणि तिघंही पांगले! क्लाइव्ह अफगाणिस्तानच्या वाटेला लागला. रॉबिन मोरोक्कोला गेला आणि परत आला तो तिकडची चित्रविचित्र वाद्यं घेऊनच. मग रॉबिन आणि माइक दोघंच पुन्हा एकत्र आले. स्कॉटलंडची जुनी लोकगीतं, आफ्रिकेतली तारवाद्यं, चर्चमधली भजनं, आपल्याकडची सतार, असं सगळं एका पातेल्यात घालून त्यांनी जे शिजवलं, त्याला लोक लोकसंगीत म्हणाले, पॉप म्हणाले, आणखी काय काय म्हणाले.

त्यांच्या १९६७ सालच्या ध्वनिमुद्रिकेवर सतार आणि तंबोरा ऐकू येतो तो नझीर जयराजभाई यांचा. हे गृहस्थ पुढे अमेरिकेत आपल्या संगीताचे प्राध्यापक झाले. उत्तर हिंदुस्तानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९७१ साली आला आणि तो आजही अभ्यासला जातो. मार्च १९६८ मध्ये बँडची तिसरी ध्वनिमुद्रिका निघाली, 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर'. ती इंग्लंडच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. बीटल्सच्या दिवसांत, बासरी आणि गिंब्री वाजवणाऱ्या दोन स्कॉटिश पोरांना हे साधलं! गिंब्री म्हणजे मोरोक्कोकडचं, कातडं ताणलेलं तीन तारांचं वाद्य.

या दोघांची खासियत अशी, की एका गाण्यात हाती एक वाद्य, तर दुसऱ्यात दुसरंच. गिटार, मँडोलिन, सतार, व्हायोलिन, बासरी, पेटीसारखं हार्मोनियम, ऑर्गन. सगळ्यांत उस्ताद कुणीच नाही, पण हात मात्र सगळ्यांना लावायचा. स्वयंपाकघरात आपण नाही का एका हातानं कणीक तिंबत दुसऱ्या हातानं दूध उतू जाताना धरत? तसंच ते.

आता रोझ. माइकशी तिचं जमलं. रॉबिनबरोबर लिकरिश होती. तिचं खरं नाव ख्रिस्तिना मकेकनी, एडिंबरोची मुलगी. लिकरिश गाण्यात मागून सूर धरायची, लहानसहान तालवाद्यं वाजवायची. तिला रंगमंचावर घ्यायचं ठरलं, तेव्हा माइकनं काय केलं? जो बॉइड यांनी २००६ साली 'व्हाइट बायसिकल्स' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. माइकनं विजेवरची बास गिटार आणली आणि रोझच्या हातात दिली. शीक म्हणाला.

विचार करा. बावीस वर्षांची साहित्याची विद्यार्थिनी. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला हे हवंय का? दोन घरांत बरोबरी राहावी म्हणून तिच्या हाती वाद्य आलं. आपल्याकडे नाही का, थोरल्या जावेनं शिवणाचं यंत्र घेतलं की धाकटीलाही घेऊन देतात, तिला शिवायचं असो वा नसो!

पण रोझ शिकली. आणि बास म्हणजे काही खेळणं नव्हे. साध्या गिटारला सहा तारा असतात, बासला चार. गिटारच्या जाड बाजूच्या चार तारांचेच सूर, पण अख्खं एक सप्तक खाली. तारा जाड. सुरुवातीला बोटांची टोकं सोलवटून निघतात. आपल्याकडे तंबोरा सुराचा आधार देतो आणि डग्गा तालाला घुमारा देतो. बासकडे ही दोन्ही कामं. गाणाऱ्यानं कितीही झोके घेतले तरी खालची जमीन बासनं धरून ठेवायची. ती नीट वाजली तर कुणाचं लक्ष जात नाही. वरणातलं मीठ जसं बेताचं पडलं की कुणी नाव काढत नाही आणि चुकलं की पानावरचा पहिला घास घेणाराही बोलतो, तसं हे वाद्य आहे.

माइक तिला एकेक गाण्याची बासची ओळ शिकवायचा आणि ती ती पाठ करायची. बासबरोबर व्हायोलिन, तालवाद्यं, आणि मागून गाणंही. १९६९ आणि १९७० सालच्या 'चेंजिंग हॉर्सेस', 'आय लुक्ड अप' आणि 'यू' या ध्वनिमुद्रिकांवर तिची बास आहे. हातात कधी बास न धरलेली मुलगी दोनेक वर्षांत लंडनच्या, न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या रंगमंचांवर उभी होती.

आता त्या सुप्रसिद्ध वुडस्टॉकची हकिगत. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी नाव ऐकलं असेल. न्यूयॉर्क राज्यात बेथेल नावाच्या गावाजवळ एका दुधवाल्या शेतकऱ्याच्या कुरणात ऑगस्ट १९६९ मध्ये तीन दिवसांचा संगीत मेळा भरला. तीन दिवस ठरला होता, तो चौथ्या दिवशी सकाळपर्यंत लांबला. माणसं आली चार लाखांवर. पंढरीची वारी आठवा म्हणजे अंदाज येईल, फक्त इथे ना दिंड्या, ना मुक्कामाची शिस्त.

पहिला दिवस शुक्रवार, १५ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन. त्या रात्री आपले पंडित रविशंकर सतार घेऊन बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर माया कुळकर्णी. होय, कुळकर्णी! एवढ्या अफाट गर्दीपुढे एक कुळकर्णी तंबोरा छेडत बसली होती, हे वाचून मी उगीचच ताठ बसले. वाजवता वाजवता पाऊस आला. रविशंकरांनी पावसातच वाजवलं. पुढे मात्र त्यांनी सांगितलं, की चिखलात लोळणारी ती माणसं पाहून त्यांना आपल्याकडच्या डबक्यातल्या म्हशी आठवल्या. आपल्या संगीताला बसण्याची, ऐकण्याची जी रीत लागते, ती तिथे नव्हती, हे त्यांना खुपलं.

त्याच रात्री रोझच्या मंडळींची पाळी होती. पण रंगमंच ओला झाला, वाद्यं विजेवरची. धक्का बसला तर जीवच जायचा. वीज नको, साधीच वाद्यं घेऊन बसा, असं जो बॉइडनी सुचवून पाहिलं. मंडळी नको म्हणाली. त्यांच्या ऐवजी मेलनी नावाची बावीस वर्षांची मुलगी एकटी गिटार घेऊन उभी राहिली. त्या पावसात लोकांनी मेणबत्त्या पेटवल्या. मेलनीचं नाव एका रात्रीत झालं. त्या मेणबत्त्यांवर तिनं पुढं गाणं केलं, तेही १९७० साली खूप गाजलं.

आणि रोझची मंडळी? ती शनिवारी उतरत्या उन्हात वाजवायला बसली. तापलेली, थकलेली गर्दी. तिला हवं होतं ढणढणाटाचं संगीत. यांची नाजूक गाणी हवेत विरून गेली. वुडस्टॉकचा जो सिनेमा १९७० साली जगभर गाजला, त्यात ही मंडळी नाहीत. बॉइडनी पुढे लिहिलं, मी त्यांना त्या रात्री जबरदस्तीनं बसवायला हवं होतं. ती चुकामूक त्यांना जन्मभर लागून राहिली.

'नाही' म्हणायची एक वेळ असते, आणि ती वेळ कोणती हे नंतरच कळतं. विजेचा धोका खरा होता, त्यामुळे नाही म्हणणंही चुकीचं नव्हतं. पण त्या रात्रीत साध्या वाद्यांवरही निभावलं असतं, हेही खरं. आमच्या पत्रलेखिकेचं 'नाही' मला इथे आठवलं. ते पुढे येईलच.

या सगळ्यात एक गोष्ट बोचते ती सांगते. गाणी माइकची आणि रॉबिनची. काय वाजवायचं, कुठं जायचं, कोणाबरोबर राहायचं, हे बहुतेक त्या दोघांनी ठरवायचं. १९६८ च्या अखेरीस ही मंडळी अमेरिकेतल्या सायंटॉलॉजी नावाच्या नव्या पंथाकडे ओढली गेली. पुढची काही वर्षं स्कॉटलंडच्या दक्षिणेला एका जमीनदाराच्या आवारातल्या बैठ्या घरांच्या रांगेत सगळी एकत्र राहिली. अशा एकत्र राहण्याचं पुस्तकात मोठं कौतुक असतं. पण मैत्रिणींनो, आपल्याला विचारा! दहा माणसं एका छपराखाली राहिली, की 'आपण सारे एक' हे म्हणायचं कुणी आणि भांडी घासायची कुणी, हे वेगळं सांगायला नको.

१९७० च्या एप्रिलमध्ये लंडनच्या राउंडहाउस या नाट्यगृहात त्यांनी 'यू' नावाचा मोठा खेळ लावला. गाणी, नाच, वेश, सगळं एकत्र. नाचणाऱ्यांचा एक संचच बरोबर घेतला. मग तोच खेळ न्यूयॉर्कला नेला. खर्च अफाट झाला आणि समीक्षकांनी नाकं मुरडली. रोझ त्यात होतीच. पण १९७१ साल उजाडलं आणि ती बँडमधून बाहेर पडली. वय पुरतं पंचविशीचंही नव्हतं. तिच्या जागी बास दुसऱ्यानं धरली. पुढल्याच वर्षी लिकरिशही गेली. १९७४ मध्ये बँडच मोडला.

इथेच गोष्ट संपली असती, तर मी तुम्हांला सांगितलीच नसती. अशा कितीतरी मुली त्या काळात तिकडं आल्या आणि गेल्या. एखाद्या ध्वनिमुद्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात नाव, एवढंच त्यांचं उरलं.

रोझ वेल्समध्ये राहिली. नंतर ती पुन्हा विद्यापीठाच्या अभ्यासाकडे वळली. अर्धवट सुटलेला धागा बायकांना पुन्हा धरता येतो, पण तो धरायला किती वर्षं जातात ते आपण जाणतोच. १९९४ साली ती अ‍ॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावाची 'लेडी मेयरेस' झाली. म्हणजे महापौरांच्या बरोबरीनं गावच्या समारंभांना मानानं उभी राहणारी बाई. वुडस्टॉकच्या चिखलातून निघून पंचवीस वर्षांनी ती नगरपालिकेच्या साखळीवाल्या मंडळींत बसली! मावसबहीण हे सांगताना हसत होती, पण मला हसू आलं नाही. मला वाटलं, ही बाई कुठंही ठेवा, तिथलं काम शिकून घेईल.

आणि २०२० साली तिचं पुस्तक आलं. वय तेव्हा चौऱ्याहत्तरच्या आसपास. पुस्तकाचं नाव सरळ मराठीत सांगायचं तर 'स्फूर्तिदेवता, जनानखान्यातली बाई, सेविका'. त्या मोकळेपणाच्या, फुलांच्या, शांतीच्या काळात बाईला कोणकोणत्या जागा मोकळ्या होत्या, ते तिनं तीन शब्दांत मुखपृष्ठावरच छापलं. वाद्य वाजवणारी हा शब्द त्यात नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. आणि तरीही तीन ध्वनिमुद्रिकांवर ती वाजते आहे! लोक तिला ज्या नावानं ओळखायचे आणि ती प्रत्यक्षात जे करत होती, यांत एवढं अंतर.

कुणी म्हणेल, ती काय कलावंत! शिकवलेलं पाठ करून वाजवणारी. मी एक विचारते. आपल्या मंगळागौरीच्या गाण्यांना कुणी रचना करून दिली होती? आईनं म्हटलं, आपण पाठ केलं. तंबोऱ्यावर बसणारी माया कुळकर्णी त्या रात्री एकही तान घेत नव्हती. पण तिचा सूर ढळला असता तर रविशंकरांची सतार कुठं टेकली असती? आधाराचं काम करणाऱ्याला येत नाही, असं म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. आणि ही सवय दुसऱ्या कुणी लावली असं म्हणून भागणार नाही. आपणच आपल्याला आधी म्हणतो.

माझीच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या संमेलनात मी सगळ्या गाण्यांना पेटी वाजवली. पाच गाणी, तीन आठवडे तालमी, रोज संध्याकाळी साडेसहापर्यंत. घरी आले की पोळ्यांचा ढीग वाट बघत असायचा. संमेलन झालं. छापील कार्यक्रमपत्रिकेत मंडपवाल्याचं नाव होतं, माइकवाल्याचं होतं, चहा देणाऱ्याचे आभार होते. माझं नाव नव्हतं. मी घरी येऊन यांना म्हटलं, "जाऊ दे, मला तरी कुठं नीट येतं!" हे काही बोलले नाहीत. पण सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "नीट येत नव्हतं तर पाच गाणी भुतानं वाजवली का?"

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण त्या दिवशी त्यांनी माझे कान धरले असं मला वाटलं. तरीसुद्धा मी पेटी कपाटावर ठेवून दिली ती दिलीच. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा. दोन पावसाळे ती तिथंच होती. पत्रलेखिकेला शहाणपण शिकवायला निघाले, तेव्हा माझी स्वतःची पेटी माळ्याजवळ धूळ खात होती, हे कबूल करते.

मागच्या रविवारी ती खाली काढली. झाकण उघडलं तर आत झुरळांचा संसार. भात्याचं कातडं एका कडेनं कुरतडलेलं. पांढऱ्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात आणि मध्यमाचा सूर न दाबताच आपला ओरडतोय! दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. ते म्हणाले, "बाई, पेटी वापरल्यानं बिघडत नाही, ठेवल्यानं बिघडते." पैसे गेले, पण पेटी वाजू लागली. पहिल्या दिवशी साधे अलंकार वाजवतानासुद्धा बोटं अडखळत होती. धाकटा म्हणाला, "आई, तुला येतं?" मी म्हटलं, "येतंय." येतं आणि येतंय यांतला फरक त्याला कळला नाही, पण तुम्हांला कळेल.

आता पत्राचं उत्तर. ताई, तुमचं चुकलं का, असं तुम्ही विचारलंत. नाही म्हणण्यात चूक नाही. घरात आजारपण असेल, लहान मूल असेल, खरोखर वेळ नसेल, तर बाईनं बेधडक नाही म्हणावं. पण तुम्ही कारण दिलंत ते 'मला येत नाही' असं. ते मात्र खरं नाही, आणि मुलीच्या देखत ते बोललात तर मुलगीही तेच शिकेल. शाळेतल्या बाईंना दोन गाणी बसवणारं माणूस हवंय, संगीत विशारद नको आहे. त्या कामापुरतं तुम्हांला येतं. उद्याच जाऊन बाईंना सांगा, अजून कुणी मिळालं नसेल तर मी येते. मिळालं असेल तर म्हणा, त्यांच्या मदतीला टाळ धरायला येते. फार तर काय होईल? नाही म्हणतील. मेलनीच्या जागी दुसरी कुणी उभी राहिली असेल एवढंच. पण तुमचा शनिवार अजून बाकी आहे.

आणि एक सांगते. कामाला हो म्हणताना, पत्रिकेत नाव छापा, हेही आधीच सांगा. हसत सांगा, पण सांगा. हे मी दोन वर्षांपूर्वी केलं नाही. यंदा मुख्याध्यापकांनी पेटीसाठी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, "वाजवते, सर. पत्रिकेचा मजकूर छापायला जाण्याआधी मला एकदा दाखवाल ना?" सर जरा चमकले. मग म्हणाले, "दाखवतो." बघू या.

ज्यांच्या घरी अशी जुनी पेटी पडून आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहिते, कापून ठेवा.

पेटी जमिनीला किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका, ओल धरते. खाली लाकडी पाट असू द्या. पावसाळ्यात जाड सुती कापडाचा अभ्रा घाला. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो.

झुरळ-कसरीसाठी कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून बाहेरच्या बाजूला ठेवा. फवारा आत मारू नका.

पुसायची ती कोरड्या मऊ फडक्यानं. ओलं फडकं पट्ट्यांवरून फिरवलं की लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. उन्हातही ठेवू नका, लाकूड तडकतं.

भाता मारताना एक तरी पट्टी दाबलेली असू द्या. मुलं नुसताच भाता खेचतात, त्यानं कातडं फाटतं. बेसूर सूर स्वतः घासून-कोरून नीट करायच्या फंदात पडू नका, जाणत्याकडेच न्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं तरी वाजवा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत सा-रे-ग-म होतं. रागदारी नको, अलंकार पुरेत. बोटं आठवून आठवून परत येतात. माझी येऊ लागली आहेत.

पत्रलेखिका ताई, संमेलन झालं की मला कळवा. गाणी कोणती बसवलीत, आणि पत्रिकेत नाव आलं का, तेही लिहा. माझ्या पत्रिकेचं काय झालं, ते मीही पुढे कधीतरी या पानावर सांगेन. नाव नसलं तरी सांगेन.